साठ मिलिसेकंद

कंपूतल्या आमच्या गल्लीत रात्री साडेनऊला
ई-रिक्षा चार्जिंगला लागतात, एकामागून एक,
आणि पडद्याचा तळ हिरवट होऊन वर चढतो,
ताक घुसळताना चढतो तसा फेस.
त्या फेसातून, सात मेगाहर्ट्‌झच्या जरा पुढे,
एक बारीक पिवळी शिवण खाली उतरते.
इंदूरहून रहाळकर.

शितोळेकाकांना ती ऐकू येत नाही.
पोलीस वायरलेसमध्ये तेहतीस वर्षं हेडफोन लावून
आधी उजवा कान गेला, मग डावा.
आता ते डोळ्यांनी ऐकतात.
मी लॅपटॉप जोडून दिला, त्या रात्री म्हणाले,
"हा बोलत नाहीये गं. नुसता हंबरतोय."

खरंच. टिंबं नव्हतीच.
वरून खाली एकच लांबलचक रेघ.

रहाळकरांची चूक नव्हती, माझी होती.
चित्र देखणं दिसावं म्हणून मी एका ओळीला
आठ हजार नमुने लावले होते.
प्रत्येक स्वर केसाइतका बारीक,
पण तो केस विंचरायला लागणार एकशे सत्तर मिलिसेकंद,
आणि रहाळकरांचं टिंब साठाचं.
तेवढ्यात टिंब येतं, जातं, दुसरं येतं,
मधली फट बुजते.
फट बुजली की अक्षर गेलं.

वर सरासरीही चालू ठेवलेली, चार-चार ओळींची.
सरासरी म्हणजे
घरातलं भांडण पाहुण्यांना नीटनेटकं करून सांगणं.

तीन रात्री बसले.
काकू शेगडी ठेवून जात, गजकची बशी ठेवून जात,
"आज तरी बोलतोय का तो?" विचारून जात.
सरासरी काढली. नमुने चार हजार केले, पुरेना.
हजार केले. टिंबं दिसली,
पण चित्र अडखळायला लागलं,
आणि पंखा इतका घरघरला
की काकांना तो टेबलावरच्या तळव्यातून कळला.

शोधलं, तर प्रोग्राम दर नव्या ओळीपायी
अख्खा पडदा पुन्हा रंगवत होता,
सातशे ओळी, सेकंदाला सत्तेचाळीस वेळा.
मी त्याला रहाट शिकवला:
भरलेली गाडगी आहेत तिथे राहू देत,
रिकामं तेवढं भर, आणि चाक एक गाडगं पुढे.
प्रोसेसर नव्वद टक्क्यांवरून अकरावर आला.
मी टाळी वाजवली. काकांनी ती पाहिली.

चौथ्या रात्री शिवण उसवली.
टिंब टिंब रेघ. रेघ टिंब.
काकांचे ओठ हलायला लागले,
थंडी म्हणतोय, तिकडेही,
नातीचा पेपर बरा गेला,
बटाटा
मग ओठ थांबले.
चष्मा पुसून ते इतके वाकले
की नाकाचा डाग पडला पडद्यावर.
"टिंबं सारखी नाहीत."

मला वाटलं, ओळी गळतायत.
मोजणी उघडली. एकही गळलेली नव्हती.
"तुझं नाही. त्याचं. हात कापतोय त्याचा.
चाळीस वर्षं ओळखतो मी हा हात,
याचं टिंब म्हणजे मोहरीचा दाणा असायचं."

पुसट चित्रात रहाळकर
महिनाभर धडधाकट होते.

माझं बोट सरासरीच्या बटणापाशी गेलं होतं.
काकांनी ते पाहिलं.
"राहू दे," म्हणाले.

मग मोर्सची किल्ली पुढे ओढून
त्यांनी उत्तर धाडलं, इतकं सावकाश,
जसं नव्या रंगरुटाला पहिल्या आठवड्यात शिकवावं.
मी घड्याळ पाहिलं, काकूंनी दारातून माझ्याकडे.
इंदूरला कळलं असावं.
तिकडूनही पुढचा निरोप हळू आला,
टिंबं जाडजूड, मधल्या फटी ऐसपैस,
कापणं होतंच, पण आता त्याला जागा होती.

धुक्यातून घरी परतताना
फालका बाजारापाशी हिशोब केला.
या वेगाला चार हजारही चालले असते.